भिशीचे ४८० डॉलर आणि स्क्रॅच तिकिटं: न्यू जर्सीतल्या एका ग्रुपचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. नावं काढून टाकलीत, गेमची नावंही काढलीत, आणि गेमचे आकडे मुद्दाम गोल केलेत म्हणजे वाचताना हिशोब डोक्यात बसेल. न्यू जर्सीत राहणाऱ्या आठ मराठी बायकांची भिशी आहे, मी त्यातली नाही, पण भिशी चालवणाऱ्या ताईंशी जुनी ओळख, आणि माझं काम डेटाचं, म्हणून त्यांनी मला विचारलं.

पार्श्वभूमी

भिशी साधीच, दर महिन्याला एकीच्या घरी, चिठ्ठी काढायची, जिचं नाव तिला रक्कम. उशिरा पैसे देणारीला दंड, आणि वर्षाच्या शेवटी त्या दंडाचे आणि थोडे उरलेले असे मिळून ४८० डॉलर जमले. दरवर्षी त्याचं बाहेर जेवण व्हायचं. या वर्षी एकीने सुचवलं की आपण सगळ्यांनी मिळून स्क्रॅच तिकिटं (वरचा थर खरवडला की लागलं की नाही ते लगेच कळतं, अशी लॉटरीची तिकिटं) घेऊ, मजा येईल, लागलं तर लागलं.

एकीचे सासरे, सगळ्यांचे अप्पा, तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. अप्पांनी उभ्या आयुष्यात महाराष्ट्र राज्य लॉटरीची तिकिटं घेतलेली (ती १९६९ पासून आहे, म्हणजे अप्पांच्या तरुणपणापासून), शेवटचा आकडा कुठला येतो याची त्यांची स्वतःची वही होती, आणि त्यांना या विषयात मनापासून रस. त्यामुळे तिकिटं कुठली घ्यायची यावर पहिलं मत अप्पांचं आलं, दुसरं दुकानातल्या काउंटरवाल्याचं, आणि तिसरं ग्रुपमधल्या नर्स मैत्रिणीचं, तिने तिकिटाच्या मागे छापलेला आकडा वाचला होता. तिन्ही मतं वेगळी होती, तेव्हा ताईंनी मला फोन केला आणि विचारलं, "सरळ सांग, कुठलं तिकीट घेतलं की चान्स सगळ्यात जास्त?"

प्रश्न नेमका काय होता

इथेच पहिला अडथळा. "चान्स जास्त" या दोन शब्दांत प्रत्येकीच्या मनात वेगळं काहीतरी होतं. नर्स मैत्रिणीला हवं होतं की जास्तीत जास्त तिकिटांना काहीतरी लागावं. बँकेत काम करणारीला हवं होतं की घातलेल्या पैशातले जास्तीत जास्त परत यावेत. अप्पांना आणि अजून दोघींना मोठं बक्षीस हवं होतं, पाच लाख, दहा लाख. या तीन प्रश्नांची तीन वेगळी तिकिटं निघतात, आणि हे आधी बोलून घेतलं नाही तर नंतर भांडणं होतात, म्हणून मी ताईंना म्हटलं की दुकानात जायच्या आधी एक संध्याकाळ यावर घालवू.

दुसरी गोष्ट अप्पांना समजवावी लागली आणि ती मला या अख्ख्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या सोडतीच्या लॉटरीत तिकीट आधी विकलं जातं आणि नंबर नंतर निघतो. स्क्रॅचमध्ये उलटं, बक्षीस छापतानाच ठरलेलं असतं, एका गेमची समजा ६० लाख तिकिटं छापली तर त्यातली लागणारी किती, कितीची, हे सगळं आधीच पक्कं, आणि विकली जातील तशी ती कमी होत जातात. डब्यात शंभर लाडू आणि पाचांत बदाम, कोणीतरी बदामाचे तीन खाल्ले की उरलेल्यांत दोनच. म्हणून सोडतीत मागचे आकडे बघून काही कळत नाही पण स्क्रॅचमध्ये काय काय शिल्लक आहे हे बघून थोडंफार कळतं. न्यू जर्सी लॉटरीच्या वेबसाइटवर प्रत्येक गेमची किती बक्षिसं उरलीत हे दिलेलं असतं, बऱ्याच राज्यांत देतात. अप्पा यावर खूश झाले, वही बंद करून फोन उघडला.

मग तिकिटामागचा आकडा. "३.९ मध्ये १" असं छापलेलं असतं. याचा अर्थ चार घेतली की एक लागणारच असा बहुतेकांचा समज असतो, ग्रुपमध्येही होता. तसं नाहीये. अशा गेमची चार तिकिटं घेतली तर शंभरातल्या साधारण तीस वेळा चारही गेलेली निघतात. आणि "लागलं" मध्ये तिकिटाची किंमत परत मिळणं हेही धरलेलं असतं, पाच डॉलरचं तिकीट घेऊन पाच डॉलर मिळाले तरी ते लागलेलंच. आम्ही बघितलेल्या पाच डॉलरच्या गेममध्ये लागणाऱ्यांपैकी जवळपास निम्मी तिकिटं अशी होती, म्हणजे खिशात खरोखर वर काही पडायचा चान्स ८ मध्ये १ च्या आसपास. शिवाय हा आकडा गेम सुरू होतानाचा, आजचा नाही.

पर्याय

चार पर्याय समोर ठेवले.

पहिला, पाच डॉलरचा गेम. ३.९ मध्ये १, आणि सगळी तिकिटं मिळून बघितलं तर डॉलरमागे ६८ सेंट बक्षिसात परत जातात.

दुसरा, तीस डॉलरचा नवीन गेम. २.९ मध्ये १, डॉलरमागे ७७ सेंट. महाग तिकिटात परतावा जास्त असतो हे अमेरिकेत जवळपास सगळीकडे खरं आहे (टेक्सासात २०२२ मध्ये शंभर डॉलरचं तिकीटही आलं होतं). बँकेतली मैत्रीण म्हणाली हेच घ्या, हिशोब सरळ आहे. आणि पूर्ण ४८० याच्यात घातले तर सरासरी नुकसान ११० डॉलर, पाचवाल्यात १५४, म्हणजे वरवर तिचं बरोबर.

पण मी बक्षिसांचा तक्ता उघडून बसले तेव्हा वेगळं दिसलं. तीस डॉलरवाल्या ७७ सेंटमधले २२ सेंट हजार डॉलरच्या वरच्या बक्षिसांत अडकलेले. १६ तिकिटांत त्यातलं एखादं हाती लागायची शक्यता इतकी कमी की त्या संध्याकाळी ते २२ सेंट आपल्यासाठी नसल्यासारखेच, राहिले ५५. पाच डॉलरवाल्यात मात्र वरच्या बक्षिसांत फक्त १० सेंट, राहिले ५८. म्हणजे आठ बायकांच्या एका संध्याकाळसाठी स्वस्त तिकीट तसूभर बरं, वर ९६ तिकिटं खरवडायला मिळतात, प्रत्येकीला बारा, आणि महागात प्रत्येकीला दोन. जाहिरातीतला किंवा वेबसाइटवरचा परताव्याचा टक्का हा सगळी तिकिटं एकट्याने घेणाऱ्याचा टक्का आहे, तुमचा माझा नाही, आणि हे कुणी समजावून सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरा पर्याय अप्पांनी शोधला. दहा डॉलरचा जुना गेम, पाच लाखांची सहा बक्षिसं होती, त्यातली दोन उरलेली. ऐकायला वाईट, सहातली चार गेली की! पण प्रश्न हा की तिकिटं किती उरलीत. ते वेबसाइट सांगत नाही, आपण काढायचं. त्यासाठी मधल्या आकाराचं बक्षीस घ्यायचं जे हजारांनी छापलेलं असतं, जसं ५० डॉलरचं, आणि त्यातली किती टक्के उरली ते बघायचं. इथे साधारण २० टक्के उरली होती, म्हणजे तिकिटंही अंदाजे तेवढीच उरली असणार. मोठी बक्षिसं मात्र ३३ टक्के शिल्लक. म्हणजे मोठं लागायचा चान्स सुरुवातीपेक्षा दीडपटीहून जास्त, दहा लाखात एक होता तो सहा लाखात एक. अप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता यातलं दुखणं. पाच लाखांच्या बक्षिसांचा वाटा मुळात डॉलरमागे ५ सेंट, तो झाला ८, म्हणजे या गेमचा एकूण परतावा डॉलरमागे ७० सेंटचा ७३. बस, इतकंच. आणि सगळी मोठी गेलेली असती तर ७० चा ६५. म्हणून उरलेली बक्षिसं बघायचा खरा उपयोग वाईट गेम टाळायला आहे, चांगला गेम शोधून फायद्यात जायला नाही. असले गेम दुकानात राहतात बरं का, व्हर्जिनियातल्या एका प्रोफेसरांनी २००८ मध्ये याच कारणावरून राज्याच्या लॉटरीवर दावा लावला होता, की मोठं बक्षीस निघून गेल्यावरही तिकिटं विकत होते. अजून एक, वेबसाइटवर "उरलेलं" म्हणजे क्लेम न केलेलं, विकलं न गेलेलं असं नाही. मोठं बक्षीस लागलेला माणूस महिनाभर अकाउंटंटकडे फेऱ्या मारत असू शकतो, त्याचं तिकीट ड्रॉवरमध्ये आणि आपण इकडे ते शिल्लक धरतोय. दोनच उरली असतील तर एकाने सगळं गणित बदलतं.

चौथा पर्याय तिकिटं न घेता नेहमीसारखं जेवायला जाणे. हा कागदावर लिहायचा मी आग्रह धरला कारण तो लिहिला नाही तर विसरला जातो.

काउंटरवाल्याचा सल्ला असा होता की या रोलमधून सकाळपासून काही निघालं नाही, आता निघणार, अख्खा रोल घ्या. यात अगदीच तथ्य नाही असं नाही, बऱ्याच गेममध्ये प्रत्येक पुड्यात (म्हणजे रोलमध्ये) लहान बक्षिसांची किमान रक्कम बसवलेली असते. पण ती लहान, पुड्याच्या किमतीच्या खूप खाली, आणि पूर्ण रोल घेतल्याने सरासरी सुधारत नाही, फक्त चढउतार कमी होतात. आणि सकाळपासून काही निघालं नाही हे त्याला तरी कसं कळणार, लोक तिकिटं घरी नेऊन खरवडतात. ज्या दुकानात मागे मोठं लागलं तिथेच घ्यायचं हेही तसंच, तिथे विकलीच जास्त जातात म्हणून लागतात.

तिकीट बघून ओळखता येतं का, हा प्रश्न अप्पांनी विचारलाच. एकदा आलं होतं. २००३ मध्ये टोरांटोत मोहन श्रीवास्तव नावाच्या संख्याशास्त्रज्ञांनी एका टिक-टॅक-टो स्क्रॅच गेममध्ये वर उघडे छापलेले आकडे बघून, जो आकडा पूर्ण तिकिटावर एकदाच येतो तो हेरून, खरवडायच्या आधीच लागणारं तिकीट ओळखलं. त्यांनी न खरवडलेली २० तिकिटं लागलेली आणि गेलेली अशी वेगळी करून ओंटारिओ लॉटरीला पाठवली, १९ बरोबर निघाली, आणि गेम मागे घेतला गेला. त्यांनी स्वतः हिशोब केला होता की दिवसभर दुकानं फिरून हे केलं तरी त्यांच्या नोकरीपेक्षा कमीच मिळेल. तो दोष त्या गेमचा होता, दुकानात उभं राहून तिकिटं न्याहाळण्यात आज काही अर्थ नाही. बघायचं तर एवढंच बघा की तिकिटाच्या कडेला नखाने किंवा पिनने बारीक खरवडलेलं नाही ना, कारण काही काउंटरवाले तसं बघून गेलेली तिकिटं गिऱ्हाइकाला देतात असे प्रकार पकडले गेलेत.

काय ठरलं आणि काय केलं

बैठकीत दोन तास गेले. सगळ्यात जास्त वेळ कुठलं तिकीट यावर गेला नाही, किती पैशाची यावर गेला. नर्स मैत्रीण म्हणाली अर्धेच घालूया, बाकीच्याचं जेवण, आणि मत घेतलं तर पाच विरुद्ध तीन असं ते ठरलं. म्हणजे २४० डॉलर. त्यात पाच डॉलरची २४ तिकिटं, प्रत्येकीला तीन, म्हणजे १२०, आणि अप्पांच्या जुन्या दहावाल्याची १२, म्हणजे १२०. तीस डॉलरवाला सोडून दिला, बँकेतल्या मैत्रिणीला ते पटायला वेळ लागला पण तक्ता बघून पटलं.

खरेदीच्या आधी एका कागदावर चार ओळी लिहून आठहीजणींनी सह्या केल्या. पैसे सगळ्यांचे समान, बक्षीस कितीही असो समान वाटणी, तिकिटांचे फोटो ग्रुपवर, आणि जे जिंकू ते परत तिकिटात घालायचं नाही. शेवटची ओळ ताईंची. मला वाटतं पूर्ण प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तो.

टॅक्सचंही त्याच बैठकीत बोललो. पाच हजारांच्या वर बक्षीस लागलं की फेडरल (केंद्र सरकारचा) टॅक्स म्हणून २४ टक्के आधीच कापून घेतात, न्यू जर्सी दहा हजारांच्या वरच्या बक्षिसावर आपला टॅक्स घेते, आणि ग्रुपने घेतलेलं तिकीट असेल तर फॉर्म ५७५४ भरून प्रत्येकीच्या नावावर तिचा तिचा वाटा दाखवता येतो, नाहीतर सगळं क्लेम करणारीच्या डोक्यावर. अप्पांनी तिकिटं आपल्या हाताने घ्यायची आणि मागे सही करायची इच्छा दाखवली होती, हात चांगला आहे म्हणून, पण ते व्हिजिटर व्हिसावर, अशा परदेशी माणसाच्या नावावर मोठं बक्षीस लागलं तर ३० टक्के कापतात. अप्पांनी दुकानात यावं, तिकीट निवडावं, सही ताईंची असं ठरलं, आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

एक मजेशीर फोन कोल्हापूरहून आला, एकीचा चुलतभाऊ, "माझे पण पाच हजार टाका, मी पाठवतो." भारतातून लॉटरीच्या तिकिटासाठी परदेशी पैसे पाठवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या २००० सालच्या नियमांत सरळ बंदी आहे. ताईंनी नाही म्हणून सांगितलं. "मग तूच भर माझे" हेही नाही, कारण लागलं तर त्याच्या वाट्यावरून आयुष्यभराचं वाकडं येणार.

निकाल

पाच डॉलरच्या २४ तिकिटांपैकी ७ लागली, चारांना पाच-पाच, दोनांना दहा-दहा, एकाला वीस. मिळून ६०. दहावाल्या १२ मधली ३ लागली, दोनांना दहा-दहा आणि एकाला तीस, मिळून ५०. म्हणजे २४० घालून ११० आले. ३६ मधली १० लागली, छापलेल्या आकड्याला धरूनच, पण त्यातल्या सहांना फक्त तिकिटाचे पैसे परत मिळाले. खऱ्या अर्थाने चारच लागली.

वीस डॉलर निघाले तेव्हा जो आरडाओरडा झाला तो शेजारी ऐकू गेला असेल. आणि त्यानंतर लगेच, जे होतंच, दोघीजणी म्हणाल्या की दुकान उघडंय, हे ११० घेऊन अजून आणू. हा त्या रात्रीचा खरा अवघड क्षण. डॉलरमागे ६० सेंट येत असतील तर दुसऱ्या फेरीत ११० चे ६६, तिसऱ्यात चाळीसच्या आसपास, प्रत्येक वेळी काहीतरी लागतच असतं म्हणून हरतोय असं वाटतही नाही आणि पैसे संपतात. ताईंनी सह्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला. कुरकुर झाली, पण ऐकलं. ११० जेवणाच्या २४० मध्ये मिळवले आणि पुढच्या शनिवारी अप्पांसकट सगळे जेवायला गेले.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला घेतलंही नसतं. आठांपैकी एकीने त्यानंतर पगाराच्या दिवशी गॅस स्टेशनवर (पेट्रोल पंपावर) तीस डॉलरची तिकिटं घ्यायला सुरुवात केली. या सगळ्या हिशोबाचं माझं शीट बैठकीनंतर ग्रुपवर टाकलेलं होतं, त्यातली ७७ सेंटची ओळ तिच्या डोक्यात बसलेली, की हा सगळ्यात चांगल्या परताव्याचा गेम आहे. आधी एक, मग दोन, मग एक लागलं की त्याचे अजून. ताईंच्या लक्षात आलं ते भिशीचा हप्ता दोनदा उशिरा आला तेव्हा. त्यांनी ग्रुपमध्ये विषय काढला नाही, घरी गेल्या, चहा घेतला, सरळ विचारलं. मैत्रीण रडली आणि बोलली. तिने १-८००-गॅम्बलर या हेल्पलाइनला फोन केला, ताई शेजारी बसल्या होत्या. लॉटरीचं अॅप फोनवरून काढलं, गाडीत गॅस नवऱ्याने भरायचा असं काही महिने ठेवलं. आता ती बरी आहे, हप्ता वेळेवर येतो, आणि तिच्या परवानगीनेच हा भाग लिहितेय.

वेगळं काय करता आलं असतं

शीटमधली पहिली ओळ बदलायला हवी होती. डॉलरमागे किती परत येतात हे वर होतं, एका तिकिटामागे सरासरी किती जातात हे कुठेच नव्हतं. तीस डॉलरच्या तिकिटामागे ६ डॉलर ९० सेंट जातात आणि पाचवाल्यामागे १ डॉलर ६० सेंट. ठरलेली रक्कम एकदाच घालायची असेल तर टक्का बघणं ठीक, पण माणूस दर आठवड्याला दोन तिकिटं घेतो तेव्हा त्याच्या खिशाला तिकिटामागचं नुकसान कळतं, आणि त्या हिशोबाने "सगळ्यात चांगलं" तिकीट सगळ्यात महाग पडतं. आता कुणी माझ्याकडे शीट मागितलं तर ही ओळ सगळ्यात वर ठळक असते, आणि शीट ग्रुपवर टाकत नाही, समोर बसून दाखवते.

जुना दहावाला गेम घेण्याचा निर्णय मला अजूनही योग्य वाटतो. सहा लाखात एक हे १२ तिकिटांसाठी पन्नास हजारात एक होतं, कुणालाही खोटी आशा दाखवली नव्हती, अप्पांना स्वतः शोधल्याचं समाधान होतं. फक्त वेबसाइटचा आकडा बैठकीच्या दिवशीचा होता आणि खरेदी नऊ दिवसांनी झाली, त्याच दिवशी सकाळी परत बघायला हवा होता, कारण दोनातलं एक मधल्या काळात क्लेम झालं असतं तर तो गेम घ्यायचं कारणच उरलं नसतं.

अर्धेच पैसे घालायचं ठरलं ते मतांवर, आणि ज्या तिघी विरुद्ध होत्या त्यातल्या एकीला मुळात तिकिटंच नको होती, तिने ते नंतर ताईंना सांगितलं. भिशीत नको म्हणणं अवघड असतं, सगळ्या हो म्हणत असताना आपण कशाला खो घालायचा. पुढच्या वर्षीसाठी ताईंनी ठरवलंय की असा विषय आला तर आधी चिठ्ठीवर नाव न लिहिता हो किंवा नाही घ्यायचं, एक जरी चिठ्ठी "नाही" अशी निघाली तर सरळ जेवण.

अप्पा परत गेलेत. मला व्हॉट्सअॅपवर अधूनमधून न्यू जर्सीच्या वेबसाइटचे स्क्रीनशॉट पाठवतात, कुठल्या गेमची किती उरली, त्याखाली मधल्या बक्षिसावरून काढलेला टक्का स्वतः मांडलेला असतो, आणि हल्ली तो बरोबर असतो. घेत काही नाहीत.